सॅशे पर्समध्येच राहू द्या

पत्र एका आईचं आहे. तिसाव्या आठवड्यात प्रसूती झाली. मुलगी जन्मली तेव्हा ११८० ग्रॅमची होती. आज नववा दिवस, वजन ११५०. श्वास आता स्वतःचा स्वतः घेते. नळीवाटे दर दोन तासांनी ८ मिली दूध चालू आहे, बाकी सलाइन. मेलबर्नच्या जाऊबाईंचं बाळही असंच लवकर झालं होतं. तिथे पहिल्या आठवड्यापासून प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवंत जंतूंची पूड दिली, आतड्याचा आजार होऊ नये म्हणून. इथल्या डॉक्टरांना विचारलं तर "आम्ही देत नाही" एवढंच उत्तर मिळालं. नवऱ्याने मेडिकलमधून प्रोबायोटिकचे सॅशे आणून ठेवलेत. सासूबाईंचं म्हणणं, ताकाची निवळ दोन थेंब दिली तरी तेच काम होतं. वाचक विचारतात: "मी काढून देते त्या दुधात चिमूटभर सॅशे मिसळला तर काय बिघडेल? तिथे देतात ते इथे का देत नाहीत? दूध तसंही कमी येतं, दिवसाला जेमतेम १५० मिली, त्यामुळे रात्री पावडरचं दूध देतात. मग निदान हे तरी मिळू दे, असं वाटतं."

नमस्कार.

आधी उत्तर, मग कारणं. सॅशे मिसळू नका. चिमूटभर नको, ताकाची निवळही नको. पण तुमचा प्रश्न वेडगळ नाही. जगभरचे नवजाततज्ज्ञ याच प्रश्नावर गेली वीस-पंचवीस वर्षं भांडतायत. शिवाय पत्राच्या शेवटी जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय, ते सॅशेपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. त्याकडे येतेच.

ज्याची भीती आहे तो आजार म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. वॉर्डात त्याला एनईसी म्हणतात, कुणी नुसतं "नेक". कमी दिवसांच्या बाळाचं आतडं अजून कच्चं असतं, त्याचं अस्तर पातळ असतं आणि तिथला रक्तपुरवठा पटकन विस्कळीत होतो. त्यात आतड्यात वस्ती करणारे पहिले जंतू आईकडून येण्याऐवजी बऱ्याचदा एनआयसीयूतलेच (नवजात अतिदक्षता विभागातलेच) असतात. या सगळ्यातून आतड्याला सूज येते, काही वेळा त्याचा तुकडा मरतो, भोक पडतं. साधारण १५०० ग्रॅमखालच्या बाळांमध्ये हा दिसतो. जन्मल्या दिवशी नाही, तर दूध वाढत असताना, दुसऱ्या ते पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या दरम्यान. म्हणजे तुम्ही आत्ता ज्या टप्प्यात आहात, तोच.

चांगले जंतू आधीच नेऊन वसवले तर वाईटांना जागा उरणार नाही, ही प्रोबायोटिकमागची कल्पना. कल्पना सरळ आहे आणि आकडेही बरेचसे तिच्या बाजूचे आहेत. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही जगभरच्या चाचण्या एकत्र मांडून तपासणारी संस्था) ६० चाचण्या आणि ११ हजारांवर बाळं होती. त्यात एनईसीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. साधारण ३३ बाळांना प्रोबायोटिक दिलं, की एका बाळाचा एनईसी टळतो, असा हिशोब निघाला. त्याच आढाव्याने हेही नोंदवलंय की बऱ्याच चाचण्या लहान आणि ढिसाळ आहेत, म्हणून या आकड्यावर भरवसा बेतानेच ठेवावा. आणि २८ आठवड्यांआधीच्या किंवा १००० ग्रॅमखालच्या बाळांमध्ये, म्हणजे धोका सर्वांत मोठा तिथेच, फायदा जवळपास दिसला नाही. तुमची मुलगी ३० आठवड्यांची आहे, म्हणजे ज्या गटात उपयोगाची शक्यता जास्त, त्या गटातली. हे तुमच्या बाजूने आहे, ते लपवणार नाही.

मग सॅशेला "नको" का?

कारण या आकड्यांत "प्रोबायोटिक" नावाची एकच वस्तू नाही. जाऊबाईंच्या देशात झालेली मोठी चाचणी तीन ठरावीक जंतूंच्या मिश्रणाची होती: दोन बिफिडोबॅक्टेरियम आणि एक स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. १०९९ बाळं होती, एनईसी ४.४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. (सेप्सिस, म्हणजे रक्तातला जंतुसंसर्ग, मात्र खात्रीने कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि चाचणीचा मुख्य प्रश्न खरं तर तोच होता.) ब्रिटनमध्ये १३०० वर बाळांना एकच बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह देऊन पाहिला. काहीही फरक नाही. जंतूचं नुसतं घराणं सारखं असून भागत नाही, नेमका वाण लागतो. हापूस आणि रायवळ दोन्ही आंबेच, तसं.

तुमच्या पर्समधल्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. मेडिकलमधल्या अशा पुष्कळ सॅशेंवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक असतो. म्हणजे ती खाद्यपदार्थाच्या नियमांखाली विकली जातात, औषधाच्या नाही. आत चार-सहा जंतूंची नावं, सोबत फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडसारखी साखर, कधी झिंक, कधी चव. काहींत सॅकरोमायसिस बुलार्डी असतो, तो तर जंतूही नव्हे, यीस्ट आहे. मोठ्यांच्या जुलाबांत त्याला जागा आहे. पण ज्याच्या मोठ्या शिरेत लाइन, म्हणजे सलाइन-औषधांची नळी, घातलेली आहे अशा रुग्णाजवळ ते पाकीट फाडलं, तरी उडालेली पूड हातांवरून लाइनवर जाते आणि यीस्ट रक्तात शिरल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. युरोपात म्हणूनच अशा रुग्णांना ते द्यायला मनाई आहे.

आणि मात्रा? एका फीडला ८ मिली म्हणजे दीड चमचाच. एक ग्रॅमचं पाकीट मोठ्या मुलांसाठी कपभर पाण्यात विरघळवायचं असतं. ते ८ मिलीत घातलं तर दूध इतकं दाट होतं की कच्च्या आतड्यावर त्या दाटपणाचाच ताण येतो. "चिमूटभर" हे तर मापच नाही. युरोपातल्या बालपोटविकार संघटनेने २०२० मध्ये शिफारस केली, ती वाणाच्या नावासकट आणि अंकांत: लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी दिला तर रोज १ ते ६ अब्ज जिवंत जंतू. चिमटीत किती अब्ज मावतात, हे ना तुम्हाला सांगता येईल ना मला.

आता खरं कारण. त्या ब्रिटिश चाचणीत एक गोष्ट सापडली, ती पालकांना सहसा कुणी सांगत नाही. ज्या बाळांना तुलनेसाठी खोटी, जंतू नसलेली पूड दिली होती, त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या शीमध्येही पुढे तोच जंतू निघाला. हातांवरून, स्टेथोस्कोपवरून, वॉर्मरच्या कठड्यावरून तो फिरला होता. म्हणजे एनआयसीयूत एका बाळाला दिलेला जंतू त्या एकाच बाळाचा राहत नाही. तुमच्या मुलीच्या शेजारच्या पेटीत कदाचित ७०० ग्रॅमचं बाळ असेल, लांब लाइन घातलेलं. अमेरिकेत २०२३ मध्ये १००० ग्रॅमखालचं एक बाळ प्रोबायोटिकमधल्याच बिफिडोबॅक्टेरियमच्या रक्तसंसर्गाने दगावलं. जंतूची जनुकं जुळवून पाहिली गेली, ती उत्पादनातल्याशी जुळली. त्याआधी २०१४ मध्ये तिथेच पुडीत बुरशी मिसळलेली निघाली आणि एक कमी दिवसांचं बाळ गेलं. २०२३ नंतर तिथल्या अनेक एनआयसीयूंनी प्रोबायोटिक बंद केलं.

तेव्हा "तिथे देतात, इथे देत नाहीत" यात पुढारलेलं आणि मागासलेलं असं काही नाही. मेलबर्नमध्ये देतात, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटलं की ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या आणि आईचं दूध मिळणाऱ्या बाळांना प्रोबायोटिकचा विचार "करता येईल". "द्यावंच" असं म्हटलेलं नाही. जिथे देतात तिथे त्यामागे व्यवस्था असते. एकच ठरलेलं उत्पादन, त्याच्या प्रत्येक बॅचची शुद्धता तपासलेली. ते ठरावीक तापमानात ठेवणारा फ्रिज. बाळापासून दूर, वेगळ्या ओट्यावर, हातमोजे घालून मिसळणारी सिस्टर. बाळ आजारी पडलं किंवा दूध बंद झालं की तेही बंद. आणि हा जंतू रक्तात गेला तर पकडू शकेल अशी प्रयोगशाळा. बिफिडोबॅक्टेरियम ऑक्सिजनशिवाय वाढतो, म्हणून कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या, नेहमीच्या बाटलीत तो दिसेलच असं नाही. यातलं काही नसताना डॉक्टर "आम्ही देत नाही" म्हणत असतील, तर तो निष्काळजीपणा नसून शहाणपणही असू शकतो. मात्र एवढंच बोलून पुढे निघून जाणं बरोबर नाही. कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

जाता जाता एक. "भारतातच सिद्ध झालंय" म्हणून ओडिशातल्या अभ्यासाचा हवाला व्हॉट्सॲपवर फिरतो, तो तुमच्यापर्यंतही येईल. २०१७ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास खरा आणि उत्तम आहे. साडेचार हजार बाळं, सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि साखर. सेप्सिस आणि मृत्यू मिळून ९ वरून ५.४ टक्क्यांवर. पण ती बाळं किमान ३५ आठवड्यांची, दोन किलोंच्या वरची, गावात घरी असलेली. आणि प्रश्न सेप्सिसचा होता, एनईसीचा नव्हता. तुमच्या मुलीला तो लागू होत नाही.

ताकाच्या निवळीबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका. दह्यातले जंतू चांगले असतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. फक्त घरच्या विरजणात कोण कोण आहे, हे कुणी मोजलेलं नसतं. "डॉक्टरांनी तोंडाने दुसरं काहीही सक्त मना केलंय" एवढं वाक्य पुरतं. मध आणि गुटीलाही तेच वाक्य चालवा.

आता तुमच्या त्या वाक्याकडे. "दूध तसंही कमी येतं, जेमतेम १५० मिली."

हिशोब मांडून बघा. ८ मिली, दिवसातून बारा वेळा, म्हणजे ९६ मिली. तुम्हाला निघतं १५०. मग पावडर कशासाठी?

माझा अंदाज असा: तुम्ही दिवसा हॉस्पिटलमध्ये बसून काढता ते बाळाला मिळतं, आणि रात्री घरी काढलेलं "शिळं" म्हणून ओतून दिलं जातं, किंवा रात्री काढलंच जात नाही. असं असेल तर तुमची खरी अडचण दुधाची नाही, दुधाच्या वाहतुकीची आहे. ती सुटते.

आधी सिस्टरना एक गोष्ट विचारा: रात्री देतात ती पावडर म्हणजे डब्यातलं दूध, की आईच्याच दुधात मिसळायचं फोर्टिफायर? तेही छोट्या पाकिटात येतं आणि पुष्कळ आया दोन्हींत गल्लत करतात. फोर्टिफायर असेल तर ते वजन वाढीसाठी आहे, तुमच्याच दुधात मोजून घालतात, त्याची चिंता नको. डब्यातलं दूध असेल तर ते आजपासून थांबवता येईल का, हा तुमचा पहिला प्रश्न असू दे. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या ९२६ कमी दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त डब्यातल्या दुधावरच्या बाळांमध्ये एनईसी फक्त आईच्या दुधावरच्यांच्या सहा ते दहा पट होता. आईचं आणि डब्यातलं असं मिश्र मिळालेली बाळं त्या दोन्हींच्या मधे. वर सांगितलेल्या प्रोबायोटिकच्या मोठ्या चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही. आणि गंमत म्हणजे, तुम्हाला हवे असलेले "चांगले जंतू" याच दुधावर जगतात. आईच्या दुधात खास प्रकारच्या साखरा असतात. बाळाला त्या पचत नाहीत, बिफिडोबॅक्टेरियमला पचतात.

रात्रीचं दूध असं पोहोचवा. हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, नखं कापलेली, बांगड्या-अंगठी काढलेली. झाकणाची स्टीलची वाटी किंवा हॉस्पिटलने दिलेली डबी दहा मिनिटं उकळून, झाकून, आपोआप वाळलेली. फडक्याने पुसायची नाही. हाताने काढताना अंगठा वर आणि बोटं खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने आत दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. कातडीवरून घसरवू नका, त्याने दूध येत नाही, नुसती आग होते. धार मंदावली की दुसरी बाजू, मग परत पहिली, एकूण पंधरा-वीस मिनिटं. प्रत्येक वेळचं दूध वेगळ्या डबीत. ताजं कोमट दूध आधीच्या गार दुधात ओतायचं नाही. डबीवर बाळाचं नाव, तारीख, वेळ. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, दारात नाही. वीज जाते त्या भागात थर्मासात बर्फ घालून तयार ठेवा. सकाळी बर्फाच्या पिशव्यांमध्ये डब्या ठेवून न्या. फ्रिजमधलं दूध २४ तासांत पोहोचलं तर सहसा कुठल्याच युनिटची हरकत नसते. तरी त्यांचा नियम काय तो आधी विचारा आणि त्यांचाच पाळा.

चोवीस तासांत किमान आठ वेळा काढायचं, त्यातली एक वेळ पहाटे दोन ते पाचच्या मधली. ती वेळ चुकवली की चार-पाच दिवसांत एकूण दूधच उतरतं. छाती भरून राहिली की शरीर समजतं, गिऱ्हाईक कमी झालं. सध्या १५० पुरतंय, पण मुलगी वाढली की ती वजनाच्या किलोमागे रोज १५० मिलीच्या वर मागेल, म्हणजे सव्वा किलोला १९० च्या आसपास. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ५०० मिलीपर्यंत पोहोचायचं, असं ध्येय ठेवा. गाठलं नाही तरी तुम्ही नापास नाही. दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक पंप शहरात भाड्याने मिळतो. आणि कांगारू: तुमच्या मुलीला आता श्वासाचा आधार लागत नाही, तेव्हा उघड्या छातीवर घेऊन बसायला आजच परवानगी मागा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला आठ तासांपासून पुढे म्हणते. कांगारू झाल्यावर लगेच दूध काढून बघा, फरक मिलीच्या खुणेवर दिसतो.

इतकं करूनही कमी पडलं तर डबा हा दुसरा पर्याय नाही, तिसरा आहे. दुसरा म्हणजे दुग्धपेढी. आशियातली पहिली मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली. आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहेत. तिथे दात्या आयांची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. तुमच्या रुग्णालयाची अशा पेढीशी जोड आहे का, ते विचारा. शेजारणीचं किंवा नणंदेचं दूध थेट देऊ नका, कितीही मायेने दिलं तरी.

डॉक्टरांना गाठाल तेव्हा हेही विचारून घ्या. अँटिबायोटिक किती दिवस चालू आहे, आणि कल्चर स्वच्छ आलं असेल तर ते थांबवता येईल का? आतड्यातली वस्ती बिघडवण्यात ते पुढे असतं. ॲसिड कमी करणारं इंजेक्शन चालू आहे का? कारण पोटातलं आम्ल हाही जंतूंना अडवणारा दरवाजाच आहे. दूध रोज किती वाढवताय? वेगाबद्दल मात्र घाबरू नका. रोज किलोमागे १८ मिली की ३० मिली वाढवायचं, याची ब्रिटनमध्ये २८०० बाळांवर तुलना झाली, एनईसीत फरक आला नाही. आणि शेवटी: तुमच्याकडे प्रोबायोटिक न देण्याचं कारण काय, पुढे द्यायचं ठरलं तर कुठला वाण? या क्रमाने विचारलंत तर तो प्रश्न आरोप वाटणार नाही.

छातीवर बाळ असताना काही गोष्टी मॉनिटरच्या आधी आईला कळतात. पोट टणक, चमकदार, ताणलेलं. नळीतून हिरवं पाणी. शीत रक्ताचा धागा. काल हात लावला की चुळबुळ करायची, ती आज ढिम्म. श्वास मधेच थांबणं. यातलं काहीही दिसलं तर "बघू थोडं" म्हणायचं नाही, लगेच सिस्टर. दूध एखाद-दोन फीड थांबवलं म्हणजे एनईसी झालाच, असं नाही. बहुतेकदा नसतो. एक्स-रे काढतील, पोटाचा घेर मोजतील, परत सुरू करतील. तुमच्या मुलीची जोखीम साधारण ३४-३५ आठवड्यांचं वय भरलं की उतरू लागेल, म्हणजे आजपासून महिनाभराने.

हे वाचणाऱ्या ज्या कुणी सॅशे आधीच मिसळून दिलाय, त्यांनी आज, याच पाळीत डॉक्टरांना सांगा. कधी दिला, किती वेळा, किती. रागावतील, रागावू द्या. पाकीट फेकू नका, बरोबर न्या. बाळ आजारी पडलंच, तर रक्ताची कुठली बाटली भरायची हे त्या पाकिटावरच्या नावांवरून ठरेल.